मराठी वेबसाइटच्या मथळ्यांसाठी सजावटी फॉन्ट: शोध, पारख, वापर आणि ठेवण

'विठ्ठल' हा शब्द मथळ्यात नीट बसला की तो फॉन्ट निम्मी परीक्षा पास झाला, असं मी धरतो. ही सवय एका दिवाळी अंकानं लावली. छोटा अंक, पहिल्यांदाच वेबसाइटवर येणार होता. छापील अंकासाठी घेतलेला ब्रशनं ओढल्यासारखा एक ठसठशीत फॉन्ट संपादकांनी पाठवला. नमुन्याच्या चित्रात 'दिवाळी' आणि 'दीपोत्सव' दोन्ही देखणे दिसत होते. पण मुख्य कथेच्या शीर्षकात 'विठ्ठल' होता. एका ठखाली दुसरा ठ बसायच्या ऐवजी मध्येच पाय मोडलेला 'ठ्‌' उभा राहिला आणि शब्दाचे दोन तुकडे झाले. लेखिकेनं विचार करून ठेवलेलं शीर्षक आपण पडद्यावर मोडून दाखवतो आहोत, हे मला फार लागलं. त्या आठवड्यात फॉन्ट बदलला, आणि तेव्हापासून कामाचा क्रमच उलटा केला: आधी शब्द, मग फॉन्ट. तोच क्रम इथे सविस्तर मांडतो.

आधी शब्दांची यादी

फॉन्टची दुकानं उघडण्याआधी एक साधी मजकुराची फाइल उघडा. वेबसाइटवर जे शब्द मोठ्या, सजवलेल्या अक्षरांत दिसणार आहेत ते सगळे तिच्यात लिहा: संस्थेचं नाव, विभागांची नावं, लेखांची शीर्षकं, बटणांवरचे दोन-चार शब्द. दिवाळी अंकासाठी ही यादी पन्नास-साठ ओळींची होते, खानावळीच्या वेबसाइटसाठी दहा ओळींत संपते.

तिच्याखाली पारखीचे शब्द जोडा. माझे ठरलेले आहेत: विठ्ठल, ज्ञानेश्वर, कुऱ्हाड, दुसऱ्यांच्या, मूर्तींना, वाङ्मय, उद्ध्वस्त, हृदय, शृंगार, कर्तृत्व, रूप आणि रुपया, ॲप, ऑक्टोबर, ₹ १,२५०. प्रत्येक शब्दाला कारण आहे. 'कुऱ्हाड' आणि 'दुसऱ्यांच्या' यांतला पापणीसारखा अर्धा र हिंदीला लागत नाही, त्यामुळे हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या फॉन्टांत तो कधी कधी नसतोच. 'मूर्तींना'मध्ये रफार, दीर्घ वेलांटी आणि अनुस्वार हे तिघं एकाच अक्षराच्या डोक्यावर येतात. फॉन्ट करणाऱ्यानं ती गर्दी सोडवली नसेल तर तिथे नुसता गोळा दिसतो. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला संकेत देणाऱ्या जागतिक यादीत, २००८ साली जागा मिळाली आणि रुपयाच्या चिन्हाला २०१० साली. त्याआधीच्या आणि नंतर न सुधारलेल्या फॉन्टांत या दोन जागा रिकाम्या असतात. ब्राउझर मग ते एकच अक्षर दुसऱ्या फॉन्टातून उसनं आणतो आणि 'ॲप'मधला 'ॲ' परक्यासारखा दिसतो.

कुठे शोधायचं

सुरुवात गूगल फॉन्ट्सपासून करा. भाषेच्या गाळणीत देवनागरी निवडली की यादी आवाक्यात येते. तिथले फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत, फाइल उतरवून स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येते, आणि वरची चाचणीची यादी तिथल्याच चौकटीत चिकटवून पाहता येते.

सजावटी कामासाठी मी पुन्हा पुन्हा ज्यांच्याकडे वळतो ते थोडक्यात सांगतो. मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींचा 'मोदक' नावाप्रमाणेच गुबगुबीत आहे. अक्षरांच्या आतल्या पोकळ्या जवळजवळ मिटलेल्या असल्यामुळे तो मोठ्या आकारातच शोभतो. लहान मुलांचं सदर, मिठाईचं दुकान, गणेशोत्सव अशा ठिकाणी दोन-तीन शब्दांसाठी त्याला तोड नाही. त्यांचाच 'बलू' गोलसर पण वाचायला सोपा आहे, आणि 'बलू २'मध्ये पाच वजनं, म्हणजे जाडीच्या पाच पायऱ्या, मिळत असल्यानं उपशीर्षकांनाही चालतो. 'जैनी' हा जैन कल्पसूत्राच्या हस्तलिखितांतल्या बोरूच्या वळणावर बेतलेला आहे. इतिहास, संतसाहित्य, जुने ग्रंथ असा विषय असेल तर तो एका ओळीत वातावरण उभं करतो. त्याचं 'जैनी पूर्व' हे भावंड अक्षरांची जुनी रूपं ठेवतं. ती आजच्या वाचकाला अडखळवू शकतात, तेव्हा संग्रहालयाच्या किंवा अभ्यासाच्या कामापुरतीच वापरावीत.

'यात्रा वन' मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला आहे. शहरावरच्या लेखमालेला, नाट्यसंस्थेला तो छान जातो. 'रोझा वन'मध्ये जाड आणि बारीक रेघांतला फरक टोकाचा आहे. फॅशन, दागिने किंवा मासिकाचं मुखपृष्ठ यांसाठी तो हाताशी ठेवा. मात्र लहान आकारात त्याच्या बारीक रेघा मोबाइलवर विरून जातात. 'कलम' हस्ताक्षरासारखा आहे आणि तीन वजनांत येतो; पत्रं, टिपणं, पाककृतीच्या बाजूच्या सूचना यांना बरा. अरुंद जागेत लांब मथळा बसवायचा असेल तर 'खंड' आणि 'टेको' आहेत, पण हे दोन्ही बातमीच्या सुरातले आहेत, सणाच्या नाहीत.

विकतचे फॉन्ट घ्यायचे असतील तर फॉन्ट करणाऱ्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरून घ्या. एका सीडीत किंवा झिप फाइलमध्ये 'पाचशे मराठी कॅलिग्राफी फॉन्ट' भरून फिरणारे संच वापरू नका. त्यांत कोणाचं काम आहे, परवाना कोणता, काहीच कळत नाही, आणि त्यातले बरेचसे पुढच्या अडचणीत अडकवतात.

युनिकोड की जुनी मांडणी?

छपाई आणि फ्लेक्सच्या धंद्यात आजही चालणारे कितीतरी देवनागरी फॉन्ट युनिकोडपूर्व काळातल्या मांडणीवर आहेत. कृतिदेव, शिवाजी, जुन्या श्रीलिपीतले फॉन्ट, डीव्हीबी मालिकेतला योगेश ही ओळखीची नावं. या फॉन्टांत 'क'चं चित्र एखाद्या रोमन अक्षराच्या किंवा चिन्हाच्या जागेवर बसवलेलं असतं. कागदावर त्यानं काही बिघडत नाही. वेबवर मात्र पानाच्या पोटात मराठी उरतच नाही, रोमन अक्षरांची निरर्थक रांग राहते. शोधयंत्राला तुमचा लेख सापडत नाही, दृष्टिहीन वाचकाचं वाचनयंत्र भलतंच काही उच्चारतं, मजकूर कॉपी केला की कचरा हाती येतो, आणि फॉन्ट उतरला नाही तर वाचकालाही तो कचराच दिसतो.

ओळखणं सोपं आहे. मोबाइलच्या नेहमीच्या मराठी कळफलकावरून एक ओळ लिहा आणि तिला तो फॉन्ट लावा. ओळ बदलली नाही, आधीसारखीच दिसत राहिली, तर फॉन्ट युनिकोडचा नाही. मग तो कितीही सुंदर असो, चालत्या मजकुराला लावायचा नाही. फारच मोह झाला तर संस्थेच्या नावापुरता बोधचिन्हात रेखाटन म्हणून वापरा: अक्षरं बाह्यरेषांत बदलून एसव्हीजी, म्हणजे कितीही मोठं केलं तरी न फाटणारं, चित्र करा आणि वाचनयंत्रासाठी त्याला मराठीत पर्यायी मजकूर द्या. तेही परवाना बोधचिन्हाला मुभा देत असेल तरच.

मराठी ल आणि श

राज्य सरकारच्या ६ नोव्हेंबर २००९च्या शासननिर्णयानं मराठीसाठी पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' ही रूपं ठरवली. युनिकोडमध्ये मात्र मराठीचा ल आणि हिंदीचा ल यांचा संकेत एकच आहे. कोणतं रूप दिसेल हे फॉन्ट ठरवतो. काही चांगल्या फॉन्टांत दोन्ही रूपं ठेवलेली असतात, आणि पानाची भाषा मराठी आहे असं कळलं की मराठी रूप आपोआप पुढे येतं. हे कळवण्यासाठी पानाच्या अगदी वरच्या एचटीएमएल टॅगमध्ये 'लँग' या गुणधर्मात मराठीचा दोन अक्षरी संकेत, 'एम-आर', लिहायचा असतो. कितीतरी मराठी वेबसाइटांवर तिथे वेबसाइटच्या तयार साच्याबरोबर (थीमबरोबर) आलेला इंग्रजीचा संकेत तसाच पडलेला दिसतो. एवढी एक दुरुस्ती केल्यावर ल बदललेला पाहण्यात वेगळाच आनंद आहे.

ज्या फॉन्टात मराठी रूप नाही, तिथे संकेत लिहूनही काही होणार नाही. फॉन्टच्या पोटात काय काय आहे हे पाहायला 'वाकामाई फॉन्ड्यू' ही वेबसाइट उपयोगी पडते. फाइल तिच्यावर टाकली की फॉन्टमधल्या सोयी आणि अक्षरांची यादी समोर येते.

परवाना वाचणं

मुक्त फॉन्टांपैकी बहुतेक एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखाली येतात. व्यावसायिक वेबसाइटवर वापरता येतात, फाइल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येते, बदलताही येते. नुसता फॉन्ट मात्र विकता येत नाही. मूळ कर्त्यानं नाव राखून ठेवलं असेल तर बदललेल्या फाइलला ते नाव देता येत नाही. नाव राखलेलं असेल तर ते परवान्याच्या सुरुवातीच्या ओळींतच लिहिलेलं असतं. विकतच्या फॉन्टांत डेस्कटॉपचा आणि वेबचा परवाना बहुधा वेगळा असतो. छापील अंकासाठी फॉन्ट घेतला म्हणून तो वेबसाइटवर चढवायचा हक्क मिळाला असं नाही. 'वैयक्तिक वापरासाठी मोफत' असं लिहिलेला फॉन्ट ग्राहकाच्या कामाला चालत नाही.

जोडी जमवणं

एका वेबसाइटला सजावटी फॉन्ट एकच. दुसरा घ्यायची इच्छा झाली तर पहिल्याचा आकार वाढवून किंवा रंग बदलून पाहा, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. परिच्छेदासाठी 'मुक्त', 'हिंद', 'नोटो सॅन्स देवनागरी' यांसारखा शांत फॉन्ट ठेवा. साहित्यिक मजकुराला 'टिरो देवनागरी मराठी' मला फार आवडतो. तो मराठीसाठीच स्वतंत्र काढलेला आहे, त्यामुळे ल आणि शची चिंताच नाही.

जोडी जमली की नाही हे बघताना मी शिरोरेषेकडे बघतो. मथळ्याची शिरोरेषा जाड आणि खालच्या मजकुराची बारीक असेल तर फरक ठळक हवा. दोन्ही जवळपास सारख्या जाडीच्या असतील तर चूक झाल्यासारखं दिसतं.

फाइल तयार करणं

देवनागरीच्या युनिकोड खंडात जागा १२८च आहेत, पण जोडाक्षरं, अर्धी रूपं, मात्रांच्या वेगवेगळ्या रुंदी हे सगळं धरून फॉन्टमध्ये शेकडो आकार काढलेले असतात. म्हणून देवनागरी फाइल साध्या रोमन फॉन्टपेक्षा बरीच जड होते. वेबसाठी डब्ल्यूओएफएफ २ हा प्रकार वापरा. २०१८ साली तो वेबचं अधिकृत मानक झाला आणि आजचे सगळे ब्राउझर तो वाचतात. टीटीएफ फाइल थेट चढवू नका.

फाइल आणखी हलकी करायची असेल तर नको ते आकार छाटता येतात. त्यासाठी फॉन्टटूल्स या मुक्त संचातलं 'पायएफटीसबसेट' हे साधन आहे. इथे मराठीत एक धोका आहे. काही सोप्या ऑनलाइन छाटणी-साधनांत फक्त सुटी अक्षरं निवडता येतात; जोडाक्षरांचे नियम तिथे गळून पडतात आणि 'क्ष' फुटतो. पायएफटीसबसेट जोडणीचे नियम पाहून त्यांतून तयार होणारे आकारही राखतं. तरी आज्ञा देताना मांडणीच्या सगळ्या सोयी ठेवायला सांगा. मजकूर म्हणून आपण सुरुवातीला केलेली शब्दांची फाइलच द्या. तिच्यात दंड, अवतरणचिन्हं, सगळे देवनागरी अंक, रुपयाचं चिन्ह आणि जोड-विजोडाची, म्हणजे अक्षरं जोडा किंवा सुटी ठेवा असं सांगणारी, दोन अदृश्य चिन्हं आहेत ना, हे तपासा.

शीर्षकं पक्की ठरलेली असतील, जसं प्रसिद्ध झालेला दिवाळी अंक, तिथेच मी अशी शब्दांपुरती छाटणी करतो. रोज नवे मथळे येणाऱ्या बातम्यांच्या वेबसाइटवर ती कधीच करू नये. एके दिवशी 'ढ' लागतो आणि तो फाइलमध्ये नसतो. तिथे पूर्ण देवनागरी खंड ठेवावा, फार तर रोमन भाग काढून टाकावा.

चढवणं

फॉन्ट स्वतःच्या सर्व्हरवर ठेवावा असं माझं मत आहे. पूर्वी म्हणत, की गूगलचा दुवा दिला तर वाचकाच्या ब्राउझरमध्ये तो फॉन्ट आधीच साठलेला असतो. ब्राउझर आता प्रत्येक वेबसाइटचा साठा वेगळा ठेवतात, क्रोमनं २०२० साली हे सुरू केलं, त्यामुळे तो फायदा संपला. शिवाय जानेवारी २०२२मध्ये म्युनिकच्या न्यायालयानं गूगलच्या सर्व्हरवरून फॉन्ट आणल्यामुळे वाचकाचा आयपी पत्ता परस्पर पोचतो म्हणून एका वेबसाइटच्या मालकाला १०० युरो भरपाई द्यायला लावली. जर्मनीतल्या मराठी मंडळाची वेबसाइट करत असाल तर हे ध्यानात ठेवाच.

पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये फॉन्ट-फेसचा, म्हणजे ब्राउझरला फॉन्टफाइलची ओळख करून देणारा, नियम लिहिताना तीन गोष्टी बघा. पहिली, 'फॉन्ट-डिस्प्ले'ला 'स्वॅप' ही किंमत द्या. फॉन्ट येईपर्यंत मथळा मोबाइलच्या साध्या फॉन्टात दिसू दे, रिकामी जागा नको. तालुक्याच्या गावी, एसटीत बसून वाचणाऱ्याला आधी शब्द हवे असतात. दुसरी, 'युनिकोड-रेंज'मध्ये ०९०० ते ०९७एफ हा देवनागरीचा पट्टा लिहा आणि दोन अदृश्य चिन्हांसाठी २००सी-२००डी जोडा. रुपयाचं चिन्ह २०बी९वर आहे, तेही घ्या. असं केलं की मथळ्यात आलेला इंग्रजी शब्द तुम्ही निवडलेल्या वेगळ्या रोमन फॉन्टातून येतो. तिसरी, फॉन्टात जे वजन खरोखर आहे तेच लिहा, आणि 'फॉन्ट-सिंथेसिस'ला 'नन' द्या. नाहीतर एकच वजन असलेल्या 'मोदक'ला ब्राउझर स्वतःहून आणखी फुगवतो आणि उरलेल्या पोकळ्याही बुजतात.

पानाच्या वरच्या भागात जो मथळा दिसतो त्याची फॉन्टफाइल आगाऊ मागवून घ्या, म्हणजेच प्रीलोड करा. या ओळीत 'क्रॉसओरिजिन' हा शब्द लिहायलाच लागतो, फाइल आपल्याच सर्व्हरवर असली तरी. तो राहिला तर तीच फाइल दोनदा उतरते.

फॉन्ट बदलताना मजकूर खालीवर उडी मारतो, त्याचाही बंदोबस्त करता येतो. पर्यायी फॉन्टसाठी वेगळा फॉन्ट-फेस लिहून 'साइझ-ॲडजस्ट' आणि 'असेंट-ओव्हरराइड' यांनी त्याचं माप सजावटी फॉन्टच्या जवळ आणा. पर्यायांच्या रांगेत विंडोजसाठी 'निर्मला यूआय', ॲपलसाठी 'कोहिनूर देवनागरी' आणि अँड्रॉइडसाठी 'नोटो सॅन्स देवनागरी' ठेवा. ही उडी गूगलच्या 'क्युम्युलेटिव्ह लेआउट शिफ्ट' या मापात ०.१च्या आत राहिली तर ठीक मानतात.

जिथे मराठी मोडते

अक्षरांमधलं अंतर, 'लेटर-स्पेसिंग', देवनागरीला लावू नका. एक पिक्सेलनंही शिरोरेषेला भेगा पडतात. विकत घेतलेल्या साच्यांत मथळ्यांना हे अंतर आधीच लावलेलं असतं, तेव्हा मुद्दाम शून्य करा.

ओळींची उंची मोठ्या मथळ्यालाही किमान १.३ ते १.४ ठेवा. इंग्रजी साच्यात ती १ किंवा १.१ असते. तिथे 'मूर्तींना'चा अनुस्वार वरच्या ओळीतल्या उकाराला जाऊन भिडतो, आणि चौकटीबाहेरचं लपवायची सूचना असेल तर वेलांटीचा माथाच कापला जातो.

एकेक अक्षर उमटत जाणारी हालचाल मथळ्यांना फार वापरली जाते. तिचा कोड शब्दाचे युनिकोडच्या जागांप्रमाणे तुकडे करतो, आणि 'स्त्री'चे सहा तुकडे होऊन हलंत वेगळा, वेलांटी वेगळी नाचू लागते. शब्दशः हालचाल द्या, अक्षरशः नको. अक्षरंच हवी असतील तर जावास्क्रिप्टमधलं 'इंटल सेगमेंटर' वापरा. देवनागरी जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोडमध्ये २०२३ साली आला, म्हणून जुन्या ब्राउझरवर 'स्त्री' अजूनही फुटू शकते. परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं करण्याच्या सोयीबाबतही हेच: परिच्छेद 'श्री'नं किंवा 'क्ष'नं सुरू करून तपासा.

अक्षरांना बाहेरून रेघ दिली तर शिरोरेषेच्या प्रत्येक सांध्यावर उभी चीर दिसते. 'पेंट-ऑर्डर'नं आधी रेघ आणि मग भरणी काढायला सांगितलं की ती झाकली जाते.

ठेवण

प्रत्येक फॉन्टला एक फोल्डर. त्यात मूळ टीटीएफ, परवान्याची फाइल, तयार केलेली वेब-फाइल आणि चार ओळींची नोंद ठेवा: कुठून घेतला, आवृत्ती कोणती, कोणत्या दिवशी, छाटणीची आज्ञा कोणती. विकतचा असेल तर पावती आणि परवान्यात दिलेली वाचकसंख्येची मर्यादाही. वर्षभरानं नवी शीर्षकं आली की ही नोंद उघडून तीच आज्ञा पुन्हा चालवायची. फाइलच्या नावात आवृत्तीचा आकडा घाला, म्हणजे वाचकाच्या ब्राउझरमधली जुनी फाइल आडवी येत नाही.

सीएसएसमध्ये फॉन्टचं नाव एकाच जागी, चलात (व्हेरिएबलमध्ये) लिहा आणि बाकी सगळीकडे त्या चलाचा उल्लेख करा. चलाचं नाव देवनागरीतही देता येतं. माझ्याकडे ते 'मथळा' आणि 'मजकूर' असंच आहे. फॉन्ट बदलायची वेळ आली की एकच ओळ बदलते.

वेबसाइट सोडण्याआधी पारखीची यादी एका लपलेल्या पानावर ठेवून तीन ठिकाणी उघडा: साधा अँड्रॉइड मोबाइल, आयफोन आणि विंडोजचा संगणक. फायरफॉक्सच्या तपासणी-खिडकीत फॉन्टचा स्वतंत्र विभाग आहे, तिथे प्रत्येक शब्द खरोखर कोणत्या फॉन्टातून आला ते दिसतं. मग हे पान वयानं मोठ्या, चष्मा लावून वाचणाऱ्या एखाद्या माणसाच्या हातात द्या आणि मथळे मोठ्यानं वाचायला सांगा. ज्या शब्दावर ते थांबतील तो शब्द साध्या फॉन्टात लावा.